उंदरांचे औषध

४ तारीख, मंगळवार

आज सकाळी खुराड्याचे दार उघडले आणि माझा हात कडीवर तसाच राहिला. टोपलीत एकही अंडे नव्हते. गवतावर ओला पिवळा डाग होता. कोपऱ्यात मात्रा, माझी कोंबडी, पिसे फुगवून, एक पाय वर धरून उभी होती. तिच्या पायाचे एक बोट नव्हते. तुटले असते तर समजलो असतो. ते कुरतडलेले होते.

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. आई भांडी घासत होती.

"आई, मात्रेचं बोट खाल्लं!"

"कुणी?"

"माहीत नाही!"

"मग माझ्यावर कशाला ओरडतोस? मी नाही खाल्लं."

तिने हात मात्र लगेच पुसले आणि हळद घेऊन माझ्याबरोबर परसात आली. मात्रेला मी धरले, आईने हळद दाबली. मात्रा ओरडली नाही याचेच मला जास्त वाईट वाटले.

कोंबड्यांची नावे मी ठेवली आहेत. डोक्यावर तुरा आहे ती रफार. सगळ्यांत लहान आणि गोल ती अनुस्वार. शेपटीवर दोन काळे ठिपके आहेत ती विसर्ग. उकार आणि मात्रा या दोघी नुसत्या उरलेल्या नावांच्या. आई सगळ्यांना "ए बाई" म्हणते आणि सगळ्या येतात.

शाळा मी नववीत सोडली, पण शुद्धलेखन सोडले नाही. त्याच पायी पाट्या रंगवायच्या दुकानातले काम गेले. गिऱ्हाईकाने कागदावर 'विद्यूत' लिहून दिले होते, मी पाटीवर 'विद्युत' रंगवले. गिऱ्हाईक म्हणाले, आमच्या गाड्यांवर, बिलांवर सगळीकडे दीर्घच आहे. मालक म्हणाला, वेलांटी, तू घरी बस. (दुकानात मला वेलांटी म्हणत.) बाबांनी शब्द टाकून ते काम मिळवून दिले होते. बाबा काचा कापतात, खिडक्यांना बसवतात. त्या मालकाकडे त्यांचे नेहमीचे जाणे-येणे होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचे असले तर ताईला सांगतात. मी तिथेच बसलेला असतो.

कोंबड्या त्यानंतर आणल्या. एवढे एक काम माझे आहे.

६ तारीख, गुरुवार

खुराड्याखालची फळी आज उचकटली. उचकटली नसती तर बरे झाले असते.

आधी वाटले, खाली माती हलते आहे. मग त्या मातीला शेपट्या दिसल्या. ते सगळे एकदम पळाले नाहीत, हे मला विसरता येत नाही. काही पळाले. काही माझ्याकडे पाहत राहिले, जणू दार न वाजवता मीच आत शिरलो होतो. एक तर मांजराएवढा होता. ताई म्हणते तो उंदीर नसेल, घूस असेल. नावाने काय फरक पडतो ते मला कळत नाही, पण इथे खरे ते लिहायचे म्हणून लिहून ठेवतो: घूस.

मधोमध घरटे होते आणि त्यात आंधळी, गुलाबी पिल्ले. घरटे माझ्या शर्टाचे होते. दुकानात घालायचो तो, रंगाचे डाग पडलेला. मला वाटले होते आईने तो जुन्या कपड्यांत देऊन टाकला.

फळी पुन्हा टाकली. दुपारी जेवण गेले नाही. आता ताटातला भात पाहिला की तो हलतो आहे असे वाटते.

९ तारीख, रविवार

पिंजरा लावला होता, त्यात एक सापडला. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून सांगितले, "बादलीत बुडव. झालं काम." जशी काही कपडे भिजवायची गोष्ट.

बादली भरली. पिंजरा उचलला. उंदराने पुढच्या पायांनी तार धरली होती. त्याचे पाय हातांसारखे आहेत, हे मला कुणी सांगितले नव्हते. चार छोटी बोटे, प्रत्येकाला नख. मी बादली झाडाला ओतली, पिंजऱ्यावर फडके टाकले आणि चालत थेट कालव्यापर्यंत गेलो. पलीकडच्या काठावर त्याला सोडले, पिंजरा पाण्यात खळबळून धुतला आणि थोडा वेळ तिथेच बसलो. पाणी पाहिले की डोके शांत होते.

घरी आलो तर ताई दारात.

"कुठे होतास?"

"कालव्यावर."

"कालव्यावर काय करत होतास?"

उंदीर मारवला नाही हे सांगायची लाज वाटली. म्हणालो, "काही नाही. पाणी बघत होतो."

तिने माझ्या ओल्या बाह्या चाचपल्या. मग म्हणाली, "एकटा नको जात जाऊस." ताई आजकाल विनाकारण काळजी करते.

१२ तारीख, बुधवार

आज काकूंच्या स्वयंपाकघरात घूस शिरली. त्यांची किंकाळी मी परसात ऐकली. पाठोपाठ त्या स्वतः लाटणे घेऊन आल्या.

"कोंबड्या तुमच्या, अंडी तुमची आणि उंदीर मात्र सगळ्यांचे, असं का? अंडी कधी सगळ्यांची झाली नाहीत ती!"

आईने त्यांना बसवले, पाणी दिले. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "त्याला सांग, महिनाअखेर उंदीर दिसले तर कोंबड्या विकून टाकीन."

ताई म्हणाली, "ऐकलंस?"

मी म्हणालो, "ऐकलं."

ताई म्हणाली, "बाबा, ऐकलं म्हणतोय."

बाबा म्हणाले, "मला ऐकू येतं."

संध्याकाळी माझे ब्रश जुन्या दुकानातल्या सोबत्याला देऊन टाकले. पडून राहिले तर केस कडक होतात, वापरात असलेले बरे. तो म्हणाला, "अरे वेलांटी, तुझे लाडके ब्रश! तुला नकोत?" मी म्हणालो, "आता मला त्यांचा उपयोग नाही." तो घरापर्यंत सोडायला आला. कधी नव्हे ते.

१३ तारीख, गुरुवार

औषध आणले.

पिंजऱ्याने हे संपायचे नाही हे कळून चुकले होते. खिळे, रंग, दोऱ्या विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदार बाबांना ओळखतो.

"औषध आहे का? उंदरांचं?"

"आहे की." त्याने काळ्या पुडीचे पाकीट काढले. त्यावर लाल रंगात उंदराचे चित्र. "पिठात कालवून ठेवायचं."

मला रविवारची ती बोटे आठवली. विचारले, "यानं त्रास होतो का?"

"कुणाला?"

"खाणाऱ्याला."

त्याने पाकीट माझ्या हातात द्यायचे थांबवले. मी म्हणालो, "म्हणजे, किती वेळ लागतो? मला तडफड नको आहे. एकदाचं संपलं पाहिजे. आणि घरात कुणाला बघायला लागू नये, आईला तर नाहीच."

"तू काचवाल्यांचा धाकटा ना?"

"हो."

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक कुठे, काका. महिनाअखेरपर्यंतच मुदत आहे."

"कसली मुदत? नोकरीबिकरी? मुलगीबिलगी?"

"नाही, कोंबड्या आहेत."

त्याला ते नीट ऐकू गेले नसावे. म्हणाला, चहा घेऊन जा, बस थोडा वेळ. मी बसलो नाही. शेवटी त्याने पाकीट दिले, तेही सगळ्यांत लहान. वळून पाहिले तेव्हा तो रस्त्यावर येऊन माझ्याकडे बघत फोनवर बोलत होता. काही माणसे अशी विचित्रच असतात.

घरी एक रिकामा डबा पुसून त्यात पाकीट ठेवले, डब्यावर कागद चिकटवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले: औषध. बरेच लोक 'औषद' लिहितात. डबा माझ्या खोलीतल्या फळीवर ठेवला, कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून.

१५ तारीख, शनिवार

डबा आहे, पाकीट नाही.

आईला विचारले. ती म्हणाली, "कसलं औषध? तुला काय झालंय? मला सांग ना, काय झालंय?" ताईला विचारले. ती म्हणाली, "मी बघितलंच नाही," आणि कान लाल झाले. खोटे बोलली की तिचे कान लाल होतात, लहानपणापासून. बाबांना विचारायचा प्रश्नच नाही.

घरात काहीतरी चालले आहे. न्हाणीघराची आतली कडी बाबांनी काढून टाकली. ताई म्हणते, सैल झाली होती. सैल झाली तर घट्ट करतात, काढून टाकतात का? बाबा दुपारी काचांचे दुकान बंद करून घरी येतात आणि मी जिथे असेन तिथे वर्तमानपत्र घेऊन बसतात. आज परसातही आले. पान उलटत नव्हते. मावशीचा फोन आला. एरवी ती अंडी मागायला फोन करते. आज म्हणाली, "आयुष्य फार सुंदर असतं रे बाळा." मी म्हणालो, "हो मावशी. अंडी पाठवू का?" तर रडायला लागली.

आईसुद्धा. ती माझ्यापुढे ताट ठेवून बसली होती, मी नको म्हणत होतो. तिला बरे वाटावे म्हणून म्हणालो, "आई, थोडेच दिवस. मग तुम्हा सगळ्यांचा त्रास संपेल." तिने तोंडाला पदर लावला आणि उठून गेली. आईला उंदरांची एवढी धास्ती आहे हे मला माहीत नव्हते.

१७ तारीख, सोमवार

आज बाबा माझ्याशी बोलले.

मी चप्पल घालत होतो. ते मागून म्हणाले, "जेवलास?"

मी ताई कुठे आहे ते पाहिले. ताई घरात नव्हती. म्हणजे मलाच विचारले होते. मी इतका दचकलो की "हो" म्हणालो. जेवलो नव्हतो. त्यांना आणखी काही बोलायचे होते असे वाटले. पण म्हणाले एवढेच, "बरं."

नवे पाकीट आणायला निघालो होतो. दुकान बंद होते असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. दुकान उघडे होते. मला पाहून दुकानदाराने दाराची फळी पुढे ओढली आणि म्हणाला, "संपलं. आता येणारच नाही."

विसर्ग खुडूक बसली आहे. अंडी सोडत नाही, दाण्याला उठत नाही. हात पुढे केला की टोचते. या सगळ्यात तिने आपले ठरवून टाकले आहे.

१९ तारीख, बुधवार

काल लिहिता आले नाही. आजही अक्षर नीट नाही.

काल सकाळी दाण्याचे पोते तळाला गेले होते. तळाशी उंदरांनी भोक पाडले होते आणि शेवटच्या दाण्यांना काळी धूळ लागली होती. मला वाटले, पोते कोळशाच्या गाडीतून आले असेल. दाणे हाताने पाखडले, होईल तेवढी धूळ उडवली आणि टाकले. त्या धावत आल्या. मात्रासुद्धा, लंगडत. विसर्ग तेवढी उठली नाही.

भाजी निवडून होईपर्यंत परसात आवाज नव्हता. कोंबड्या असल्या की कधीच शांतता नसते, म्हणून मी गेलो.

रफार आडवी होती. उकार भिंतीला टेकली होती आणि तिची मान मागे वळली होती. मात्रा पाण्याच्या पसरट भांड्यात पडली होती. अनुस्वार अजून हलत होती. तिला उचलले. तिने चोच उघडली, बंद केली, उघडली. आवाज आला नाही. मग ती एकदम जड झाली. एवढीशी कोंबडी एवढी जड होते?

मी डोळे पुसले, तोंड पुसले. पोते पालथे केले. तळातून पाकीट पडले, लाल चित्राचे. कोपरा कुरतडलेला. सगळी पूड दाण्यांत सांडली होती.

मी घराकडे धावलो. ओरडलो ते मला नीट आठवते: "औषध खाल्लं! सगळं औषध खाल्लं!"

बाबा दारात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझे ओठ, हनुवटी, हात काळे झाले होते. हे मला नंतर ताईने सांगितले. तेव्हा मला फक्त बाबांचा चेहरा दिसला, आणि तसा चेहरा मी कधी कुणाचा पाहिलेला नाही.

दुसऱ्या क्षणी मी जमिनीवर होतो आणि त्यांची दोन बोटे माझ्या घशात होती.

"थूक! थूक रे! ओक सगळं!"

मी "कों" म्हणालो. बोटे आणखी आत गेली.

"मीठ आण! पाणी आण! थूक, माझ्या राजा, थूक!"

आई मिठाचे पाणी घेऊन आली. अर्धे माझ्या नाकात गेले. मी पुन्हा "कोंबड्या" म्हणायला तोंड उघडले आणि पुन्हा बोटे. शेवटी मी चावलो. जोरात चावलो, रक्त आले. त्यांनी हात काढला नाही. मी एवढा उंच, त्यांच्यापेक्षा वीतभर जास्त, पण त्यांनी मला उचलून खांद्यावर टाकले. काकू कुंपणावरून पाहत होत्या. त्यांनी एक शब्द न विचारता स्कूटर काढली. पुढे काकू, मध्ये मी, मागे बाबा, त्यांचा हात माझ्या छातीभोवती. माझ्या मानेवर त्यांचा श्वास लागत होता आणि ते सतत एकच बोलत होते, "झालं ते झालं. नोकरी गेली खड्ड्यात. नोकरी गेली खड्ड्यात."

डॉक्टरांनी विचारले, "किती खाल्लं?"

मला तेव्हा कुठे बोलता आले. "मूठभर असेल. पण मी नाही. कोंबड्यांनी."

"कोंबड्यांनी?"

"हो."

"मग याला कशाला आणलंत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मग ते खाली बसले, दवाखान्याच्या फरशीवर, आणि त्यांना हुंदका आला. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "गाढवा, पुढच्या वेळी कर्ता आधी सांग, मग क्रियापद."

डॉक्टरांनी माझे हात, तोंड साबणाने धुवायला लावले, तपासले, दुपारपर्यंत बसवून ठेवले. टाके बाबांच्या बोटाला पडले.

२२ तारीख, शनिवार

ताईने सगळे सांगितले.

दुकानदाराने त्याच दिवशी फोन केला होता: तुमचा मुलगा औषध घेऊन गेलाय, मरताना त्रास होतो का विचारत होता. मग ब्रश दिल्याचे कळले. मग कालवा. त्यात डब्यावर माझ्याच सुंदर अक्षरांत 'औषध'. बाबांनी पाकीट काढले आणि विचार केला, घरात कुठेही ठेवले तरी हा शोधील. कोंबड्यांच्या पोत्यात शोधणार नाही, कारण त्यांच्या दाण्याजवळ हा विष जाऊ देणार नाही. तळाशी खोल खुपसले. उंदरांचा विचार त्यांच्या मनातच आला नाही. घरात सगळे उंदरांना विसरले होते, मी सोडून.

मी ही वही सुरुवातीपासून वाचली. दुसऱ्या कुणाची समजून वाचली, तर मलाही तसेच वाटले असते.

ताईने हळूच विचारले, "तुझ्या मनात तसं काही नव्हतं ना?"

"नव्हतं."

ते खरे आहे. पण मी घरात असलो काय, नसलो काय, कुणाला कळणारही नाही, असे मला वाटत होते, तेही खरे आहे. ते मी तिला सांगितले नाही. मग थोड्या वेळाने सांगितले. तिने माझ्या डोक्यात टपली मारली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

चौघींना परसाच्या कडेला खोल पुरले. खड्डा बाबांनी खणला, एका हाताने.

२६ तारीख, बुधवार

सकाळी बाबा दुकानातून फुटक्या काचांची घमेली घेऊन आले. सिमेंटमध्ये काचेचा चुरा कालवून बिळे बुजवायची, उंदीर पुन्हा उकरत नाहीत, असे ते म्हणाले. म्हणजे आधी ताईकडे पाहून "त्याला सांग" म्हणाले, मग थांबले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू... घमेलं धर."

मी धरले. त्यांचे पट्टी बांधलेले बोट सारखे मध्ये येत होते. मी म्हणालो, "मी करतो." ते म्हणाले, "चावणार नाहीस ना?" मी हसलो की रडलो ते सांगता येत नाही, पण काकू कुंपणापलीकडे मोठ्याने हसल्या.

खुराडे उचलून चार विटांच्या खांबांवर ठेवले. खालून आता आरपार दिसते, लपायला जागा नाही. विसर्ग सगळा वेळ आत बसून होती, अंड्यांसकट. खुराडे हलले तेव्हा तिने फक्त मान वर केली.

दाण्यासाठी बाबांनी पत्र्याचे झाकणाचे पिंप आणले. आणि खिशातून माझे ब्रश काढले. ते माझ्या सोबत्याकडे जाऊन परत मागून आणले होते. मी हात पुढे केला, पण त्यांनी एक स्वतःकडे ठेवला. पिंपासमोर उकिडवे बसले आणि डाव्या हाताने, एकेक अक्षर थांबून थांबून, रंगवले:

कोंबड्यांचे दाने

मग मागे सरकून पाहिले आणि मला विचारले, "बरोबर आहे?"

मी पाहिले. 'ने'वरची मात्रा थोडी ओघळत होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

रंग वाळेपर्यंत आम्ही दोघे तिथेच बसलो.